लॅमिंग्टन रोडवरचा वासनासंक्रम

मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडचे कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. संगणकाचे सुटे भाग घ्यायला ग्रँट रोड स्टेशनात उतरणारा माणूस मात्र ते नाव घेत नाही. दहा-बारा वर्षांचा लॅपटॉप पिशवीत घालून तो येतो, एखाद्या चिंचोळ्या दुकानाच्या काउंटरवर ठेवतो आणि गाऱ्हाणे सांगतो : चालू व्हायलाच पाच मिनिटे घेतो, तोवर चहा निवतो. दुकानदाराला फार तपासावे लागत नाही. ‘‘एसएसडी टाकून घ्या, मशीन पळेल.’’ मग ठरलेला प्रश्न येतो, ‘‘पण आतलं सगळं राहील ना?’’ आणि ठरलेले उत्तर, ‘‘जसंच्या तसं. क्लोन मारून देतो.’’

या सवाल-जवाबात एक फार जुना वाद दडलेला आहे. ‘आतले सगळे’ एका वस्तूतून दुसरीत जाऊ शकते का, आणि गेलेच तर ते तेच राहते का? आपल्याकडे नैयायिक, बौद्ध आणि चार्वाक या प्रश्नावरून शतकानुशतके भांडले. त्यांच्या हातात स्क्रू-ड्रायव्हर नव्हता, एवढाच फरक.

आधी काउंटरवर काय घडते ते पाहू. लॅपटॉप पालथा घालून तळाचे झाकण उघडले की अडीच इंची हार्ड डिस्क दिसते. तिच्या पोटात चकचकीत तबकड्या असतात. बहुतेक लॅपटॉपांत त्या मिनिटाला ५,४०० फेरे घेतात. तबकडीला न टेकता, तिच्यापासून केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर एक हेड सरकत राहते आणि चुंबकीय खुणा वाचते. हवी ती जागा हेडखाली यायला दर वेळी दहा-पंधरा मिलिसेकंद जातात. विंडोज सुरू होताना तर डिस्कभर विखुरलेल्या हजारो बारीकसारीक फायली गोळा कराव्या लागतात, आणि सगळा वेळ तिथेच मुरतो. एसएसडीत फिरणारे काहीच नाही. माहिती विद्युतभाराच्या रूपात चिपमध्ये असते आणि मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात हाती लागते. जुनी डिस्क ९.५ मिलिमीटर जाडीची असेल आणि नवी ७ मिलिमीटरची, तर मध्ये प्लास्टिकची चौकट बसवतात. बाकी यंत्र तेच : तोच प्रोसेसर, तीच रॅम, अक्षरे पुसलेला तोच कीबोर्ड.

अशा वेळी कुणाला तरी गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला जुन्या वस्त्रांचा दृष्टांत आठवतोच. जीर्ण वस्त्र टाकून माणूस नवे नेसतो, तसा देही जुने शरीर टाकून नवे घेतो. ऐकायला छान, पण इथे गणित नेमके उलटे आहे. शरीर जुनेच राहिले आहे. बदलला आहे तो आठवणींचा साठा.

त्या दृष्टांताला खरोखर शोभणारे उदाहरण ओडिशात पुरीला सापडते. ज्या वर्षी आषाढ हा अधिक मास येतो, त्या वर्षी जगन्नाथ, बलभद्र, सुभद्रा आणि सुदर्शन यांच्या लाकडी मूर्ती नव्याने घडवतात. हा नवकलेवर सोहळा. अलीकडे तो १९७७, १९९६ आणि २०१५ मध्ये झाला. शंख-चक्रासारख्या खुणा पाहून कडुनिंबाची झाडे निवडतात, त्यांच्या लाकडातून मूर्ती घडतात आणि मग एका रात्री दैतापती सेवक जुन्या मूर्तीतला ‘ब्रह्मपदार्थ’ काढून नव्या मूर्तीत ठेवतात. त्यांच्या डोळ्यांवर पट्टी असते, हातांना कापड गुंडाळलेले असते. तो पदार्थ काय आहे हे कुणी सांगत नाही. जुन्या मूर्ती मंदिराच्या आवारातच कोइली वैकुंठ या जागी पुरतात, आणि घरातले माणूस गेल्याप्रमाणे दैतापती सुतक पाळतात.

यातली सुतकाची गोष्ट महत्त्वाची. ते पाळता येते, कारण जुनी मूर्ती खरोखर रिती झालेली असते. ब्रह्मपदार्थ एकाच ठिकाणी असतो. तो हलतो, दोन होत नाही.

क्लोनचे तसे नाही. क्लोन करणारा प्रोग्रॅम जुन्या डिस्कवरचा एकेक भाग वाचतो आणि नव्या डिस्कवर तसाच लिहितो. जुनीतून काहीही निघून जात नाही. पाचशे जीबीची भरलेली डिस्क असेल तर हे काम तास-दीड तास चालते, आणि ते संपते तेव्हा काउंटरवर दोन डिस्का असतात. दोघींवर लग्नाचे तेच फोटो, अर्धवट राहिलेले तेच आयकर विवरण, ब्राउझरने जपून ठेवलेले तेच पासवर्ड. दोघी एकच दावा करणार : मी तीच.

गंमत म्हणजे विंडोजलाही हा दावा झेपत नाही. प्रत्येक डिस्कवर एक ओळखक्रमांक कोरलेला असतो, त्याला डिस्क सिग्नेचर म्हणतात. क्लोन करताना तोही जशाच्या तसा उतरतो. मग मूळ डिस्क आणि क्लोन एकाच वेळी जोडल्या तर विंडोजला एकाच ओळखीच्या दोघी समोर दिसतात. ते एकीला चालू ठेवते आणि दुसरीला ‘ऑफलाइन’ करून बसवते. कारण देते ‘सिग्नेचर कोलिजन’, म्हणजे ओळखींची टक्कर. दुसरीला चालू करायचेच असेल तर तिच्यावर नवा क्रमांक लिहिला जातो. आतला मजकूर शब्दाशब्दाला सारखा असूनही ‘एका वेळी तू एकच’ असा नियम यंत्राला करावा लागला आहे.

या प्रसंगाला संस्कृतात तयार नाव आहे : वासनासंक्रम. अनुभवाने मागे ठेवलेला ठसा म्हणजे वासना किंवा संस्कार, आणि तो एकातून दुसऱ्यात जाणे म्हणजे संक्रम. वाद सुरू होतो चार्वाकापासून. त्याच्या मते शरीर हेच चेतन. वेगळा आत्मा नाही. नैयायिक विचारतो, लहानपणीचे शरीर म्हातारपणी उरलेले नसते, मग लहानपण आठवते कुणाला? एकाने पाहिलेले दुसऱ्याला आठवत नाही, हे तर उघड आहे. यावर प्रतिपक्ष म्हणतो, जुने शरीर नव्याला जन्म देताना आपले ठसेही देऊन टाकते. लॅमिंग्टन रोडच्या भाषेत, क्लोन मारतो.

मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या-अकराव्या शतकात ‘न्यायकुसुमांजली’त ही वाट अडवली. ठसे असे कारणातून कार्यात उतरत असते, तर आईने पाहिलेले-भोगलेले सगळे पोटातल्या बाळाला आठवले असते; तसे होत नाही. हाताचेही तेच. स्पर्शाचा अनुभव हातात साठत असता तर हात तुटल्यावर आठवणही गेली असती, पण हात गमावलेल्या माणसाला त्या हाताने केलेला स्पर्श आठवतो. म्हणून आठवणारा शरीराहून आणि त्याच्या अवयवांहून वेगळा, टिकून राहणारा एक आत्मा मानावा लागतो.

ही कसोटी लॅपटॉपला लावली तर तो दोन्हीकडे नापास होतो. डिस्क काढली की सगळी साठवण तिच्याबरोबर जाते, म्हणजे ‘अनुभव’ अवयवातच होता. आणि नव्या डिस्कला जुनीचे सगळे ‘आठवते’, म्हणजे आईचे बाळाला मिळाले. यावरून उदयनाचार्य चुकले असे म्हणण्याची घाई करू नये. नैयायिक शांतपणे उत्तर देईल की डिस्कला काहीच आठवत नाही. तिच्यावर खुणा आहेत, वहीत असतात तशा. गणपतीतला फोटो स्क्रीनवर येतो तेव्हा ‘हा मी काढला होता’ असे ज्याला वाटते तो समोर खुर्चीत बसलेला असतो. वहीची नक्कल कितीही काढा, आठवणाऱ्याची नक्कल निघालेली नसते.

बौद्धांना मात्र हा आठवणारा वेगळा काढून दाखवता येतो हेच मान्य नाही. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात राजा मिलिंद आणि भिक्षू नागसेन यांचे संवाद आहेत. मिलिंद म्हणजे इ. स. पूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक राजा मिनँडर, असे अभ्यासक मानतात. राजा विचारतो, एका जन्मातून दुसऱ्यात काहीच गेले नाही, तर पुनर्जन्म होतो कसा? नागसेन दोन दाखले देतो. एका दिव्यावरून दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उठून दुसऱ्यात जाते का? आणि राजाने लहानपणी गुरूकडून एखादा श्लोक शिकला, तेव्हा तो श्लोक गुरूला सोडून निघून गेला का?

क्लोनिंगचे इतके नेमके वर्णन संगणकाच्या पुस्तकातही क्वचित सापडेल. गुरूचा श्लोक गुरूपाशी राहतो, शिष्यालाही येतो. पण याच दाखल्याची एक कड बोचते. मरणात पहिला जन्म संपलेला असतो. दिव्याचा दाखला तसे बंधन घालत नाही. दुसरा लागल्यावरही पहिला जळतच असतो. नागसेनाला जेवढे सिद्ध करायचे होते, त्याहून एक पाऊल पुढे त्याचा दाखला जातो, आणि तिथेच काउंटरवरच्या दोन डिस्का उभ्या आहेत.

ब्रिटिश तत्त्वज्ञ डेरेक पारफिट यांनी १९८४ च्या ‘रीझन्स अँड पर्सन्स’ या ग्रंथात हेच टोक गाठले. त्यांच्या कल्पनेतले यंत्र माणसाचा कणनकण नोंदवून मंगळावर तसाच माणूस उभा करते. आधीचे यंत्र पृथ्वीवरचा देह नष्ट करत असे, म्हणून याला प्रवास म्हणता येत होते. नवे यंत्र मूळ देह ठेवते, आणि ‘प्रवास’ हा शब्दच कोलमडतो. ‘मी तोच का’ हा प्रश्न आपल्याला वाटतो तितका मोलाचा नाही, असा पारफिटांचा निष्कर्ष होता. बुद्धाला हे पटले असते असे त्यांना वाटत होते. ग्रंथाच्या शेवटी त्यांनी बौद्ध वचनांचे एक परिशिष्टही जोडले आहे.

मोलाचा नसेल, तरी व्यवहार तो सोडत नाही. नागसेनालाही हे ठाऊक होते. त्याचा आणखी एक दाखला आंबेचोराचा आहे. चोर म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे आणि मी तोडले ते वेगळे, तेव्हा मी गुन्हेगार नाही. राजा त्याला दंड करतोच, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच झाले. वस्तू तीच आहे का, यावर न्याय अडून राहत नाही. मागचा-पुढचा धागा जोडून कुणाला तरी जबाबदार धरता येते का, एवढे तो पाहतो.

आजचा कायदाही याच वळणाने गेला आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ५७ व्या कलमाच्या स्पष्टीकरणानुसार, एखादी डिजिटल नोंद एकाच वेळी किंवा एकामागून एक अशी अनेक फायलींत साठवली गेली, तर त्यातली प्रत्येक फाइल प्राथमिक पुरावा ठरते. कागदाच्या जगात मूळ दस्त एक आणि बाकी नकला. इथे प्रत्येक प्रत मूळ. मग खोटेपणा ओळखायचा कसा? त्यासाठी ६३ व्या कलमाखालच्या प्रमाणपत्रात नोंदीची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. फाइलमधला एक बिट बदलला तरी हा आकडा पार बदलतो. कोर्टाला ‘पहिली कोणती’ याच्याशी कर्तव्य नाही. मध्ये कुणी हात लावला का, हे त्याला हवे.

परवान्याची कसोटी आणखी वेगळी. विंडोज १० चा डिजिटल परवाना हार्डवेअरशी बांधलेला असतो. डिस्क बदलली तर तो सहसा टिकतो. मदरबोर्ड बदलला तर मात्र यंत्र ‘नवे’ ठरून परवाना पुन्हा मागितला जाऊ शकतो. म्हणजे परवान्याच्या लेखी देह हीच ओळख, तो चार्वाकाच्या बाजूचा.

क्लोन न मारता कोरे विंडोज घातले तर तिसरीच कसोटी समोर येते. गिऱ्हाईक जुन्याच नावाने खाते उघडते, जुनी डिस्क यूएसबीच्या केसिंगमध्ये घालून जोडते, स्वतःच्या नावाच्या फोल्डरवर क्लिक करते, आणि पडद्यावर येते : या फोल्डरची परवानगी तुम्हाला नाही. विंडोज नावावर भुलत नाही. खात्यामागे दडलेला लांबलचक क्रमांक ते पाहते, आणि कोऱ्या विंडोजमध्ये तो क्रमांक नवा असतो. माणूस तोच, नाव तेच, फोटोही त्याचेच. तरी स्वतःच्या दारात तो परका. ‘कंटिन्यू’ दाबून आत जाता येते, पण क्षणभर दचकायला होते खरे.

या तिन्ही कसोट्या एकाच यंत्राला लागतात आणि तीन उत्तरे देतात. तेव्हा ‘हा लॅपटॉप तोच आहे का’ याचे एकच खरे उत्तर त्याच्या पोटात कुठेतरी दडले आहे, असे मानण्यात अर्थ नाही. परवान्यासाठी तो तोच, कोऱ्या विंडोजसाठी नाही, घरच्यांसाठी फोटो दिसले की तोच. नागसेनाने रात्रभर जळणाऱ्या दिव्याबद्दल म्हटले होते की पहिल्या प्रहराची ज्योत आणि शेवटच्या प्रहराची ज्योत एकच नव्हे आणि वेगळीही नव्हे. वस्तूंपुरते तरी त्याचे म्हणणे नैयायिकाहून सरस ठरते. खुर्चीत बसलेल्या माणसापुरते मात्र उदयनाचार्यांचा प्रश्न अजून उभाच आहे : या दोन्ही डिस्का ‘माझ्या’ असे म्हणणारा कोण?

राहिली ती काउंटरवरची जुनी डिस्क. पुरीच्या मूर्तीसारखी ती रिती झालेली नाही, त्यामुळे तिचे सुतक पाळायची वेळही आलेली नाही. पुष्कळ जण ती खणात टाकतात, नाहीतर फायली डिलीट करून दोन-तीनशे रुपयांना देऊन टाकतात. डिलीट केल्याने सूचीतली नोंद तेवढी जाते. तबकडीवरचा मजकूर, त्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत, तसाच राहतो. क्विक फॉरमॅटचेही तेच. फोटो आणि बँकेची कागदपत्रे परत काढून देणारे प्रोग्रॅम कुणालाही मिळतात. म्हणून नव्या डिस्कवरचे सगळे उघडून पाहिल्यावर, दुकानातून निघण्याआधी, जुनी डिस्क एकदा पूर्ण ओव्हरराइट करून मागावी. पाचशे जीबीला दोनेक तास लागतात.