विश्रांती कोणासाठी?

गंभीर आजारी मनुष्यास स्वस्थ पडू द्यावे, ही आपली जुनी शिकवण. श्वसनयंत्रावरील रुग्णाला गाढ गुंगीत ठेवणे हीदेखील अनेक वर्षे दयाच मानली गेली. घशात नळी असता त्या यातनांची जाणीवही त्याला नको, असे वाटणे स्वाभाविक आहे. तथापि ही दया रुग्णासाठी किती आणि आपल्या सोयीसाठी किती, याचा विचार व्हावयास हवा. निजलेला रुग्ण काही मागत नाही आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यालाही कमी क्लेश होतात.

शरीराचा हिशेब मात्र निराळा असतो. इंग्लंडमधील एका अभ्यासात (२०१३) असे आढळले की, अतिदक्षता विभागातील अत्यवस्थ रुग्णांच्या मांडीचा एक प्रमुख स्नायू दहा दिवसांत सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी क्षीण होतो. २००९ साली अमेरिकेत श्वसनयंत्रावरील १०४ रुग्णांचा अभ्यास झाला. ज्यांना आरंभापासूनच गुंगी उतरवून हातपाय हलविण्यास, बसण्यास व शक्य तर उभे राहण्यास साहाय्य केले गेले, त्यांच्यापैकी ५९ टक्के रुग्णालयातून निघताना आपले व्यवहार स्वतः करू शकत होते. इतरांपैकी ३५ टक्केच.

रायपूरचा विचार करा. तेथे डॉ. आंबेडकर स्मारक रुग्णालय आहे व २०१२ पासून एम्सही आहे. बस्तर वा सरगुज्याच्या खेड्यातून अशा शहरात आणलेल्या एखाद्या मजुराच्या कुटुंबास ‘जीव वाचला’ आणि ‘पायावर उभा राहिला’ या दोन वाक्यांतील अंतर पुरते ठाऊक असते. तो अंथरुणाला खिळून परतला, तर घरातील आणखी एकाची मजुरी बुडते.

मग प्रत्येकाला उठवावेच काय? तसेही नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या, सहा देशांतील ७५० रुग्णांच्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांहून अधिक हालचाल करविल्याने अधिक लाभ दिसला नाही. उलट हृदयाची लय बिघडणे, रक्तातील प्राणवायू घटणे असे प्रकार अधिक झाले. मात्र तेथे नेहमीच्या उपचारांतही रुग्णांना थोडेफार हलविले जातच होते, हेही विसरू नये. म्हणजे निजवून ठेवण्याचा नियम जसा आंधळा, तसाच उठविण्याचा हट्टही आंधळाच.

खरी करुणा त्या मनुष्याकडे दररोज नव्याने पाहते. आज त्याचे हृदय, त्याचा श्वास साथ देतो काय? त्याची स्वतःची इच्छा काय आहे? नळीमुळे बोलता येत नसले तरी शुद्धीवरील रुग्ण मान हलवून वा बोट दाबून उत्तर देऊ शकतो. परंतु विचारणाऱ्याने थांबावयास हवे. एका रुग्णाला पलंगाच्या कडेशी बसविण्यास परिचारिका, भौतिकोपचारतज्ज्ञ व नळी सांभाळणारा असे तीन-चार जण लागतात. जेथे मनुष्यबळ अपुरे, तेथे गुंगीचे औषध स्वस्त पडते. त्याची किंमत रुग्ण पुढे घरी फेडीत राहतो.

आपल्या समाजात परिचारिकेचा पेशा पिढ्यान्‌पिढ्या सेवा म्हणून पत्करला गेला आहे. म्हणून आपणांस हे सांगणे अधिक अगत्याचे वाटते. आपले माणूस यंत्रावर असेल तेव्हा डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, ‘आज गुंगी कमी करता येईल काय? त्यांना थोडे बसविता येईल काय?’ उत्तर ‘आज नको’ असे आले, तर ते मानावे. आणि उद्या पुन्हा विचारावे.