कुंपण घालण्यापूर्वी

नोकरीतून निवृत्त झाल्यावर शहर सोडावे आणि खेड्यात स्वतःचे लहानसे घर बांधून राहावे, असे आपल्यापैकी पुष्कळांना वाटते. सक्करदरा चौकातील गर्दी रोज पाहणाऱ्यांना तर ते वाटणारच. आम्ही उभयतांनी उमरेड मार्गावरील एका गावात जागा घेतली असून तेथे राहायला जाण्याची तयारी चालू आहे. या तयारीत एक प्रश्न पुढे आला. तो केवळ आमचा नाही, म्हणून येथे मांडत आहोत. पैसे मोजून, रीतसर कागद करून घेतलेली जागा सर्वस्वी आपलीच असते काय?

घर बांधायचे म्हणजे आधी हिशेब आला. बुरूज बांधू पाहणाऱ्याने प्रथम बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, असे प्रभू येशू संत लूकच्या शुभवर्तमानात सांगतो. आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून खाली मुरूम लागेपर्यंत पाया खोदावा लागतो. तो खर्च, विटा, रेती, मजुरी, परवानग्या हे सारे वहीत मांडता येते. पण एक खर्च वहीत येत नाही, कारण तो आपल्याला नव्हे, शेजाऱ्याला सोसावा लागतो.

आमच्या जागेच्या कडेने एक पायवाट जाते. नकाशावर ती नाही. पलीकडच्या वस्तीतील बाया त्या वाटेने शेतावर जातात, मुले शाळेत जातात. तेथे तारेचे कुंपण घातले तर त्यांना मोठा वळसा पडेल. बोअरवेलचेही तसेच. आमची बोअर खोल गेली आणि उन्हाळ्यात शेजाऱ्याची विहीर आटली, तर पाणी आमच्या जमिनीतून निघाले एवढे म्हणून भागेल काय?

हितचिंतक सांगतात, "आज वाट द्याल तर उद्या ते हक्क सांगतील." ही भीती अगदीच खोटी नाही. एखादी वाट वीस वर्षे उघडपणे, हक्काने व विनाअडथळा वापरात असेल, तर १८८२ चा सुविधाधिकार कायदाही वापरणाऱ्याचा हक्क मानतो. परंतु याची दुसरी बाजूही पाहावी. आपण येण्यापूर्वी तेथे लोकांचे जगणे चालू होते, हे कायद्यालाही ठाऊक आहे. मग आपल्या सदसद्विवेकबुद्धीला ते ठाऊक नसावे काय?

या संदर्भात आपल्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामचे उदाहरण आठवते. १९३६ साली महात्मा गांधी वर्ध्याहून जवळच्या सेगाव या खेड्यात राहायला गेले. १९४० मध्ये त्याच गावाचे नाव सेवाग्राम झाले. तेथील झोपडी गावातल्याच साहित्यातून, गावच्याच मजुरांकडून बांधावी आणि खर्च शंभर रुपयांच्या वर जाऊ नये, असे त्यांनी सांगितले होते. माती, बांबू आणि कवेलूंची ती घरे आजही पाहता येतात. आपण तेथे जाऊन साधेपणाचे कौतुक करतो. आम्हाला मात्र दुसरी गोष्ट अधिक मोलाची वाटते. ३० एप्रिल १९३६ रोजी गावात आल्यावर गांधीजी गावकऱ्यांशी बोलले. अस्पृश्यता निवारणाचे आपले काम त्यांनी लपवले नाही. ज्यांना माझी भीती किंवा संशय वाटतो त्यांच्यावर मी स्वतःला लादणार नाही, अशा अर्थाचे त्यांनी सांगितले. जमनालाल बजाज यांची तेथे मोठी मालकी होती; जागेची अडचण नव्हतीच. तरीही गावाशी आधी बोलणे त्यांना आवश्यक वाटले.

जागा विकत मिळते, शेजार विकत मिळत नाही. तो मागावा लागतो. खाजगी मालमत्तेचा हक्क ख्रिस्तसभा नाकारत नाही, पण पृथ्वीवरील वस्तू सर्वांसाठी आहेत हे तत्त्व त्याहून वरचे मानते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याची पुन्हा आठवण करून दिली. सभेची ही शिकवण ऐकायला सोपी, पण कुंपणाचे खांब कोठे रोवायचे हे ठरवताना ती खरी कसोटीला लागते.

आम्ही खांब वाटेच्या आत घेण्याचे ठरवले आहे. थोडी जागा जाईल. बोअर खोदण्यापूर्वी शेजारच्या विहीरवाल्यांशी बोलू, आणि छपराचे पाणी जमिनीत मुरवू. यामुळे तंटे होणारच नाहीत, असे नाही. कदाचित उद्या कोणी हक्कही सांगेल. पण ज्या वाटेने लोक आपल्या दारावरून जातील, त्याच वाटेने अडीअडचणीला धावूनही येतील.

आपल्यापैकी कोणी गावी घर बांधत असेल, कोणी येथेच एखादा मजला चढवत असेल. नकाशा मंजूर झाला म्हणजे तयारी पूर्ण झाली, असे समजू नये. एकदा जागेच्या चारही बाजूंनी फिरून यावे, आणि आपल्या भिंतीमुळे कोणाची वाट, कोणाचे पाणी, कोणाचा उजेड अडणार आहे, हे त्या माणसालाच जाऊन विचारावे.