संहिता मांडीवर ठेवून

आज काही ठरवायचं नाही. नुसतं बसायचं.

गणपती उठले. शाळेच्या हॉलमधली बैठक मघाशी संपली, चहाचे कप तसेच पडलेत, आणि राज्य नाट्य स्पर्धेला यंदा काय बसवायचं हे न ठरताच मंडळी घरी गेली. तुम्ही मागे राहिलात. मांडीवर तीन संहिता आहेत. उघडू नका. हात नुसता वर ठेवा. झेरॉक्सचा कागद हाताला लागू द्या.

श्वास सावकाश होऊ द्या. बैठकीतली बोलणी एकेक करून परत येतील, त्यांना अडवू नका. परीक्षकांना जरा वेगळं लागतं. नेपथ्य एका टेम्पोत मावलं पाहिजे. (हे मात्र खरं, टेम्पोचं भाडं खिशातूनच जातं.) आणि मग ते तिसरं: बाईचं काम एकच असेल असं बघा.

इथे थांबा. बराच वेळ थांबा.

हे वाक्य दर वर्षी कुणीतरी बोलतं आणि कुणीही दचकत नाही. तालीम रात्री नऊला, उशिरा तिला घरी सोडणार कोण, घरचे काय म्हणतील. कारणं खोटी नाहीत. पण स्वतःला हळूच विचारून बघा, आजवरची नाटकं आपण निवडली की तालमीच्या वेळेनं?

आता पहिल्या संहितेकडे या. ‘शारदा’. देवलांचं हे नाटक 1899 साली रंगभूमीवर आलं. पैशाच्या लोभानं कांचनभट कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. तेव्हा शारदाही पुरुषच उभी करत. (1929च्या बालविवाहविरोधी कायद्याला आपल्याकडे शारदा कायदा म्हणतात, नाव खरं तर हरबिलास सारडांवरून आलं, पण नाटकाची पुण्याईच अशी की ते पटत नाही.) पदं कोण म्हणणार, पेटी कोण धरणार, हे नंतर. डोळे मिटा आणि पहिली रांग बघा. पोरीला शाळेतून काढून उजवलेला एखादा बाप तिथे बसलाय का? भुजंगनाथावर तो हसतोय का? उत्तर नको. चेहरा बघा आणि पुढे चला.

दुसरी. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, तेंडुलकरांचं, ‘रंगायन’नं 1967 साली केलेलं. परगावी प्रयोगाला आलेली हौशी मंडळी, अगदी तुमच्यासारखीच, आणि खेळ खेळ म्हणता म्हणता बेणारेबाई आरोपीच्या पिंजऱ्यात. बायका दोनच, म्हणून बैठकीत सगळ्यांना ते सोयीचं वाटलं. तो शब्द थोडा वेळ तोंडात धरा. सोयीचं. मधोमध एक बाई, भोवती तुम्ही सगळे. तालीम संपल्यावर तिला स्कूटरवरून घरी सोडताना तुम्ही तिच्याशी काय बोलाल?

तिसरी संहिता सर्वांत खाली आहे. एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’, 1985. विदर्भातल्या देशपांड्यांचा वाडा, तात्याजी गेलेले, दिवसांच्या खर्चाची विवंचना, अंगणात बंद पडलेला ट्रॅक्टर. बैठकीत हे मिनिटभरात बाद झालं. बायका सहा.

दादी. आई. वहिनी. अंजली. प्रभा. रंजू.

नावं पुन्हा म्हणा, मनात, घाई न करता. प्रत्येक नावापाशी गावातला एक चेहरा येतो का, वाट पाहा. पुढे शिकू न दिलेली प्रभा कोण? शिवणक्लास चालवणारी? पतपेढीत काउंटरवर बसणारी? आल्यागेल्याचं करताना स्वतःचं जेवण राहून जाणारी वहिनी तुमच्या घरात तर नाही? आणि सारखी वेळ विचारणारी दादी? हे चेहरे यायला वेळ लागला असेल, तर लागू द्या. ते इतकी वर्षं तिकीट काढून समोर बसत आलेत, तालमीला त्यांना कुणी बोलावलं नाही.

माझं मत तिसऱ्याला. हे फार वेळा झालंय, असं म्हणतील. तुमच्या गावातल्या बायकांनी ते एकदाही केलेलं नाही. तालीम रविवारी दुपारी ठेवा. पुरुषांची झोप मोडेल. मोडू द्या.

उद्या वाचनाला बसाल तेव्हा दादीची पानं सत्तरी गाठलेल्या एखाद्या बाईंच्या हातात द्या. चष्मा आणायला आठवणीनं सांगा.