जिभेखालची गोळी

१५ डिसेंबर २०१५ रोजी बठिंड्याच्या सभेत काँग्रेसचे कॅप्टन अमरिंदर सिंग यांनी गुटका साहिब हातात घेतला, तख्त दमदमा साहिबकडे तोंड केलं आणि सत्तेवर आल्यापासून चार आठवड्यांत पंजाबातल्या नशेचा बंदोबस्त करण्याची शपथ घेतली. (गुटका म्हणजे शीख प्रार्थनांची छोटी पोथी. आपल्याकडच्या पुडीशी त्याचा संबंध नाही.) २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ११७ पैकी ७७ जागा मिळाल्या. चार आठवडे उलटले, वर्ष उलटलं, आणि विरोधकांनी ती पोथी कॅप्टनना शेवटपर्यंत विसरू दिली नाही. त्यावर त्यांचा खुलासा असा, की आपण नशेची कंबर मोडण्याचं बोललो होतो, नशा संपवण्याचं नाही. पंजाबीत त्याला ‘लक्क तोडणं’ म्हणतात. मराठीतही आपण कंबरडंच मोडतो. कंबरडं मोडलेला माणूस जिवंत असतो, एवढाच काय तो कॅप्टनसाहेबांचा बचाव.

शपथ खोटी ठरली, ही माझी तक्रार नाही. निवडणुकीतल्या शपथांचं काय होतं हे आपल्याला ठाऊक आहे. माझी तक्रार त्या ‘चार आठवड्यां’बद्दल आहे. नशेच्या प्रश्नावर उमेदवाराने एकदा मुदत सांगितली, की पुढचं धोरण ती मुदतच ठरवते.

ज्या वर्षी शपथ घेतली गेली त्याच वर्षी ‘एम्स’च्या तज्ज्ञांनी पंजाबातल्या दहा जिल्ह्यांत पाहणी केली होती. अफू, भुक्की (अफूच्या बोंडांचा भुसा), हेरॉइन किंवा त्याच जातीच्या गोळ्यांच्या पूर्ण आहारी गेलेल्यांची संख्या त्यांनी २ लाख ३२ हजार धरली. त्यातले तीन चतुर्थांश १८ ते ३५ या वयातले, आणि निम्म्याहून अधिक ‘चिट्ट्या’वरचे, म्हणजे हेरॉइनवरचे. मला या पाहणीतली सर्वांत बोलकी गोष्ट वेगळीच वाटते: ऐंशी टक्क्यांहून अधिक लोकांनी सोडण्याचा प्रयत्न करून पाहिला होता, आणि त्यासाठी कुणाची मदत मिळालेले होते जेमतेम एक तृतीयांश. म्हणजे ही माणसं दाराशी येऊन उभी होती आणि दार बंद होतं.

हेरॉइन थांबलं की अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पोट बिघडतं, रात्र रात्र झोप लागत नाही. हे सगळं आठ-दहा दिवसांत ओसरतं. ओढ मात्र वर्षानुवर्षं राहते, आणि मधल्या काळात शरीराची सवय मोडलेली असल्याने जुन्याच मापाने पुन्हा घेतलं तर माणूस दगावतो. चार आठवडे यात कुठेच बसत नाहीत.

ते पोलीस ठाण्याच्या नोंदवहीत मात्र चपखल बसतात. वरून मुदत आली की खाली आकडे लागतात, आणि आकड्यांसाठी सर्वांत सोपा माणूस म्हणजे खिशात एक पुडी असलेला पोरगा. अमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यात हेरॉइनची ‘अल्प मात्रा’ ५ ग्रॅमपर्यंत, आणि व्यापारी मात्रा २५० ग्रॅमपासून. अडीचशे ग्रॅमवाल्याला गाठायला खबरी, पाळत आणि महिने लागतात. पाच ग्रॅमवाला चौकातच सापडतो. कायद्यात कलम ६४-अ आहे: उपचाराला राजी असलेल्या व्यसनी माणसाला खटल्यातून सूट. विधी सेंटर या संस्थेने पंजाबातल्या २०१३ ते २०१५ च्या खटल्यांचा अभ्यास केला, तेव्हा न्यायालयामार्फत उपचाराला गेलेला एकही माणूस सापडला नाही. शपथेच्या आधीची, अकाली सरकारच्या काळातली ही गोष्ट आहे. तेव्हाही धरपकडीची मोहीम जोरात होती. जुलै २०१८ मध्ये कॅप्टनच्या मंत्रिमंडळाने पहिल्याच गुन्ह्याला फाशीची तरतूद करावी अशी शिफारस केंद्राला केली. कायदा दिल्लीचा, सीमाही दिल्लीची. मुख्यमंत्र्याच्या हातात खरोखर असतात ते पोलीस आणि दवाखाने.

आणि गंमत म्हणजे दवाखान्यांचं काम याच सरकारने केलं होतं. ऑक्टोबर २०१७ मध्ये अमृतसर, तरनतारन आणि मोगा जिल्ह्यांत बाह्यरुग्ण उपचार केंद्रं सुरू झाली, मग राज्यभर पसरली. दाखल व्हायचं नाही, रोज यायचं, नाव नोंदलेलं असतं. परिचारिका ब्यूप्रेनॉर्फिन आणि नॅलॉक्सोनची गोळी देते. ती गिळायची नाही, जिभेखाली धरायची, पूर्ण विरघळेपर्यंत तिच्या नजरेसमोर बसायचं. काही मिनिटांचं काम. गोळी कुटून सुईने घेतली तर त्यातलं नॅलॉक्सोन नशेवरच पाणी ओततं. नीट घेतली तर ओढ शमते, आणि माणूस तिथून शेतावर किंवा वर्कशॉपमध्ये कामाला जातो. उद्या पुन्हा. परवा पुन्हा. २०२० च्या टाळेबंदीत गोळ्या घरी न्यायची सवलत दिली, तेव्हा नोंदणी झपाट्याने वाढली.

हे सभेत कसं सांगणार? ‘तुमच्या मुलाला आम्ही कित्येक वर्षं सरकारी गोळी देऊ’ यावर टाळ्या पडत नाहीत. एक नशा सोडवून दुसरी लावली, असं विरोधक म्हणणार, आणि गोळ्यांचा काळाबाजार होतो हेही खोटं नाही. त्यामुळे कॅप्टन शपथेबद्दल बोलत राहिले, आणि ज्यांचं श्रेय घ्यायचं ती उपचार केंद्रं आरोग्यखात्याच्या फायलीत राहिली.

टाळ्यांची पर्वा न करणारा एक माणूस कॅप्टनच्याच पतियाळात होता. डॉ. धर्मवीर गांधी, हृदयरोगतज्ज्ञ. २०१४ मध्ये त्यांनी कॅप्टनच्या पत्नी प्रणीत कौर यांना लोकसभेत हरवलं. अफू आणि भुक्की यांसारख्या परंपरागत नशांना नियंत्रित परवानगी द्या, व्यसनी माणसाला तुरुंगात टाकू नका, अशी दुरुस्ती त्यांनी खासगी विधेयकाने सुचवली. शेजारच्या राजस्थानातली भुक्कीची परवानाधारक दुकानं मार्च २०१६ अखेर बंद झाली होती. स्वस्त माल गेला की गिऱ्हाईक चिट्ट्याकडे वळतं, हा त्यांचा मुद्दा. मला तो अर्धाच पटतो. म्हाताऱ्या ट्रकचालकाची भुक्की बंद करून सरकारने काय मिळवलं, हा प्रश्न रास्त आहे. पण सुईवर गेलेला विशीतला मुलगा भुक्कीवर परत येईल, ही आशा भोळी वाटते. तुरुंगाबद्दल मात्र डॉक्टर सोळा आणे खरे. २०१९ मध्ये ते हरले, २०२४ मध्ये काँग्रेसकडून जिंकले. अफूबद्दल बोललं की राजकारण संपतं, असं नाही.

कॅप्टन २०२२ मध्ये पतियाळा शहरातून स्वतःच पडले. ‘आप’ला ९२ जागा मिळाल्या. मार्च २०२५ मध्ये भगवंत मान सरकारने ‘युद्ध नशियां विरुद्ध’ पुकारलं, विक्रेते ठरवलेल्यांच्या घरांवर बुलडोझर गेले, आणि पुन्हा एक मुदत जाहीर झाली: ३१ मे. पोथीच्या जागी यंत्र आलं, कॅलेंडर तेच.

आपण हसायचं कारण नाही. चंद्रपुरात १ एप्रिल २०१५ ला दारूबंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. मधल्या काळात व्यसनी माणसासाठी काय उभं राहिलं, हे कुणी फारसं विचारलं नाही. आज महाराष्ट्रातला प्रश्न ‘एमडी’चा, म्हणजे मेफेड्रोनचा आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत कुरकुंभच्या कारखान्यातून त्याचा मोठा साठा निघाला. त्यावर जिभेखाली ठेवायची गोळी नाही. आहे ते समुपदेशन, महिनोन्‌महिने, आणि त्याला माणसं लागतात. तेव्हा ‘ड्रगमुक्त जिल्हा’ म्हणत उमेदवार दाराशी आला की मुदत विचारू नका. जिल्हा रुग्णालयात व्यसनी माणसासाठी खाटा किती आहेत आणि मानसोपचारतज्ज्ञाचं पद भरलेलं आहे का, एवढं विचारा.