प्राध्यापक गेडिस यांचा मुंबईतला वर्ग

१९१९ साली मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्राचा नवा विभाग उघडला आणि त्याची धुरा पासष्टीच्या एका स्कॉटिश माणसाकडे आली. पॅट्रिक गेडिस यांनी स्वतः कधी विद्यापीठाची पदवी घेतली नव्हती. ते थॉमस हक्सलींच्या हाताखाली जीवशास्त्र शिकले, डंडीच्या कॉलेजात तीस वर्षे वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते आणि एडिंबरातल्या मोडकळीला आलेल्या इमारती डागडुजी करून राहण्याजोग्या करता करता नगररचनाकार झाले. १९२४पर्यंत ते मुंबईत शिकवत होते. वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडीला बीडीडी चाळी उभ्या राहत होत्या त्या याच वर्षांत. शहर कसे दुरुस्त करावे, कसे वाढवावे हे सांगणारा त्या काळातला एक थोर शिक्षक या शहरात वर्ग घेत होता आणि त्याच शहरात सरकार त्याच्या शिकवणीच्या उलट बांधकाम करत होते. त्या वेळी धरलेली वाट आपण अजून सोडलेली नाही, म्हणून शंभर वर्षांनंतरही गेडिस यांच्याविषयी लिहावेसे वाटते.

त्यांची शिकवण पुस्तकातून आलेली नव्हती. लग्नानंतर ते आणि त्यांची पत्नी ॲना एडिंबराच्या जुन्या भागात, जेम्स कोर्ट नावाच्या गचाळ वस्तीत बिऱ्हाड करून राहिले. तिथल्याच रहिवाशांना हाताशी धरून त्यांनी घरे साफ केली, रंगवली, अगदीच पडायला आलेले बांधकाम काढून उजेडाला वाट करून दिली. बाकीचे होते तसे ठेवले. पुढे याच पद्धतीला त्यांनी जपून केलेली शस्त्रक्रिया म्हटले. आधी रोग्याला नीट तपासायचे, मग जेवढे कापल्याशिवाय गत्यंतर नाही तेवढेच कापायचे. तपासायचे काय, तर फ्रेंच समाजशास्त्रज्ञ ल प्ले यांच्याकडून घेतलेली तीन गोष्टींची सांगड : जागा, काम आणि माणसे. या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय आहे हे कळल्याशिवाय नकाशावर रेघ ओढू नये, हा त्यांचा आग्रह होता.

मुंबईत रेघ आधीच ओढली गेली होती. १८९६च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेग सापडला, लोक गावाकडे पळाले, गिरण्या ओस पडल्या, आणि १८९८मध्ये सरकारने इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्तीतून रुंद रस्ते काढले की समुद्रावरचा वारा आत येईल आणि रोगट हवा जाईल, हा त्यामागचा विचार. गिरगाव आणि आसपासच्या वस्तीतून प्रिन्सेस स्ट्रीट गेला, सँडहर्स्ट रोड गेला. वारा आला हे खरे. पण ज्यांची बिऱ्हाडे पाडली ते शेजारच्या गल्लीतल्या आधीच भरलेल्या खोल्यांत शिरले, कारण त्यांचे काम तिथेच होते. गोदीवर, बाजारात, गिरणीत पहाटे चालत पोचता येईल एवढ्याच अंतरावर त्यांना राहणे भाग होते. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत जेवढे पाडले तेवढे बांधले नाही. जागा पाहिली, काम पाहिले नाही.

१९१५मध्ये मुंबई इलाख्याने नगररचनेचा कायदा केला, देशातला पहिला. त्याच सुमारास गेडिस इलाख्यातली गावे हिंडत होते. पुढच्या काही वर्षांत त्यांनी हिंदुस्थानातल्या पन्नासएक शहरांविषयी अहवाल लिहिले. त्यातला सर्वांत मोठा अहवाल एका मराठी दरबारासाठी आहे, तो होळकरांच्या इंदूरचा. दोन खंडांचा हा अहवाल १९१८मध्ये निघाला. त्या कामाची एक गोष्ट दिवाळी अंकात सांगितलीच पाहिजे.

इंदुरात प्लेग होता. गल्ल्यांत घाण, घरांत उंदीर, आणि हा गोरा साहेब आपली घरे पाडायला आला आहे अशी लोकांची खात्री. गेडिस यांनी दरबाराकडे अजब मागणी केली : मला एका दिवसापुरते महाराज करा. ती मान्य झाली. मग त्यांनी जाहीर केले की यंदा दिवाळीची मिरवणूक नेहमीच्या वाटेने जाणार नाही. जिथली घरे सर्वांत जास्त दुरुस्त झाली असतील, जिथे झाडलोट झाली असेल, त्या रस्त्याने ती जाईल. आपल्या दारावरून मिरवणूक जावी म्हणून मोहल्ल्यामोहल्ल्यात चढाओढ लागली आणि गाड्या भरभरून कचरा गावाबाहेर गेला. मिरवणुकीत हत्ती-घोडे होते, पिकांचे देखावे होते, घाणीचा राक्षस होता आणि प्लेगचा एक भला थोरला उंदीर होता. त्यामागून शहरातले सफाई कामगार, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, फुले माळलेले नवे झाडू घेऊन. त्यांच्यानंतर इंदूर नगरीची देवी, आणि लोकांना वाटायला रोपांनी भरलेल्या गाड्या. शेवटी राक्षस आणि उंदीर जाळले, दारूकाम झाले.

एखाद्याला हा तमाशा वाटेल. मला ही नगररचनेतली सर्वांत गंभीर घटना वाटते. ज्या अधिकाऱ्याला हुकूम काढता आला असता त्याने लोकांच्या सणातून, लोकांच्या हातून काम घडवले. आणि ज्यांची सावली टाळली जात होती त्या माणसांना त्याने मिरवणुकीत मानाची जागा दिली. मुंबईत प्लेगच्या वेळी लष्करी थाटात घरांच्या झडत्या झाल्या होत्या, माणसे ओढून इस्पितळात नेली होती. त्याशेजारी इंदूरची दिवाळी ठेवून पाहावी.

मुंबईत मात्र गेडिस यांच्या हाती शहर आले नाही, वर्ग आला. त्या वर्गातून मोठी माणसे निघाली. मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांना त्यांनीच हेरले. घुर्ये इंग्लंडला जाऊन केंब्रिजची डॉक्टरेट घेऊन आले आणि १९२४मध्ये गेडिस यांच्या विभागाची सूत्रे त्यांच्याकडे आली. घुर्यांच्या हाताखाली इरावती कर्वे शिकल्या, एम. एन. श्रीनिवास आणि अ. र. देसाई शिकले. भारतीय समाजशास्त्राचे घराणे इथून सुरू होते. पण या घराण्याचा मुख्य ओढा जात, नातेसंबंध, गाव, परंपरा यांकडे राहिला. गेडिस यांनी एका हातात समाजशास्त्र आणि दुसऱ्या हातात शहराचा आराखडा धरला होता. त्यांच्यानंतर हे दोन हात सुटले. समाज विद्यापीठाकडे राहिला, शहर इंजिनिअरकडे, पालिकेकडे आणि पुढे विकासकाकडे गेले. नगररचना शिकवणाऱ्यांना गल्लीतले नातेसंबंध वाचता येईनात आणि नातेसंबंध शिकवणाऱ्यांना नकाशा वाचता येईना. माझ्या मते मुंबईच्या नियोजनातली मूळ फारकत ही आहे.

बीडीडी चाळी या फारकतीचे दगडासारखे घट्ट उदाहरण आहेत. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांनी १९२०मध्ये विकास खाते (बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट, म्हणजेच बीडीडी) काढले आणि कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत केला. प्रत्यक्षात २०७ इमारती झाल्या : वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला आणि वर तीन मजले, इमारतीमागे ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची. गिरणी कामगाराचे घर कसे चालते, तो गावाहून एकटा येतो की बायकामुलांसह, भाडे किती झेपते, स्वयंपाकाचा धूर कुठे जातो, यातले काही विचारून त्या बांधल्या नव्हत्या. सुरुवातीची कित्येक वर्षे त्यातल्या पुष्कळ खोल्या भाडेकरूंअभावी रिकाम्या पडल्या आणि सत्याग्रहाच्या काळात वरळीच्या काही चाळींचा तुरुंग झाला. माणसांनी नंतर त्या इमारती आपल्याशा केल्या. व्हरांड्यात शाळेचा अभ्यास झाला, मधल्या मैदानात उत्सव, सभा, आंदोलने झाली. ते श्रेय माणसांचे.

आता गेडिस यांच्यावरचा सर्वांत कठीण आक्षेप. तो कुठल्या इंजिनिअरने घेतलेला नाही, तो परळच्या एका रहिवाशाच्या आयुष्यातून पुढे येतो. गेडिस मुंबईत शिकवू लागले तेव्हा सिडनहॅम कॉलेजात डॉ. बाबासाहेब आंबेडकर अर्थशास्त्राचे प्राध्यापक होते आणि परळला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीतल्या शेजारशेजारच्या दोन खोल्यांत कुटुंबासह राहत होते. ज्या ट्रस्टने जुन्या वस्त्या कापल्या त्याच ट्रस्टची ही चाळ. पुढे बाबासाहेबांनी 'राजगृह' बांधले ते दादरच्या हिंदू कॉलनीत, म्हणजे पुन्हा ट्रस्टनेच आखलेल्या दादर-माटुंग्याच्या नव्या वस्तीत. जुन्या गावाची वीण जपा, असे गेडिस सांगतात. पण त्या विणीत जातीचा धागा होताच. पाणवठा कुणाचा, गल्लीच्या टोकाला कोण, वाऱ्याच्या खालच्या अंगाला कुणाची घरे, हे सगळे त्या विणीतच ठरलेले होते. १९४८मध्ये घटना समितीत बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवाला जो कडक विरोध केला, तो अशा जपणुकीलाही लागू पडतो. ज्याला वेशीबाहेर ठेवले त्याला वस्ती जशीच्या तशी राखण्यात काय आनंद? सरळ रेषेत आखलेल्या रस्त्यावरचा, क्रमांक दिलेला प्लॉट त्याला मोकळा श्वास देऊ शकतो.

हा आक्षेप मला निर्णायक वाटतो, पण तो पाहणीच्या विरोधात जात नाही. पाहणी अधिक कठोर असावी, एवढेच तो सांगतो. काय राखायचे आणि काय कापायचे हे ठरवताना अंगणाबरोबर अन्यायही मोजला पाहिजे. इंदुरात सफाई कामगारांना मिरवणुकीत आणणाऱ्या माणसाला हे अगदीच उमजले नव्हते असे म्हणवत नाही. पण एका दिवसाच्या मानाने वस्तीतली जागा बदलत नाही, हेही तितकेच खरे.

   अशा पाहणीची खरी गरज पुढे परळ-लालबागला पडली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले. त्यातले पुष्कळजण गिरणीत परतलेच नाहीत. गेडिस यांच्या तीन गोष्टींपैकी काम नाहीसे झाले, जागा आणि माणसे उरली. मग गिरण्यांच्या सुमारे ६०० एकर जमिनीचे काय करायचे? १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८व्या कलमाने ढोबळ उत्तर दिले : एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, एक तृतीयांश मालकाला. १९९६मध्ये वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या समितीने या जमिनींचा एकत्र विचार करून रस्ते, मैदाने आणि घरे यांचा सलग आराखडा सुचवला. गेडिस यांची पाहणी आणि सरकारी आदेश यांची गाठ पडण्याची गिरणगावातली ती शेवटची मोठी संधी होती. ती गेली. २००१मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली; शेडखालची जमीन त्यातून सुटली. उच्च न्यायालयाने २००५मध्ये लोकांच्या बाजूने दिलेला निकाल २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकला नाही. ज्या मैदानांवर लालबागची पोरे खेळली असती ती कागदावरच राहिली. याचा राग मला अजून येतो आणि तो यावा असेच हे प्रकरण आहे.

आज याच भागात पाहणी जोरात चालते, पण ती पात्रतेची. पुरावा कोणत्या सालचा, नाव कुणाचे, खोलीत राहतो कोण. पात्र किंवा अपात्र, असा शिक्का बसतो. ऑगस्ट २०२५मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतल्या पहिल्या कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सामाईक संडासापुढे रांग लावली त्यांना स्वतःच्या घरात न्हाणीघर मिळाले, याचे मोल लांबून चाळीचे गोडवे गाणाऱ्यांना कळणार नाही. चाळ तशीच राहायला हवी होती असे मी मुळीच म्हणत नाही.

पण पात्रतेच्या फॉर्मात काम हा रकाना नाही. परळ-लालबागच्या पुष्कळ घरांत माणूस राहतो तिथेच कमावतो. कुणी डबे करते, कुणी मसाले कुटून देते, कुणी शिवणयंत्र चालवते. लालबागच्या मसाला बाजाराला आणि चिवडा गल्लीला लागणारे हात याच इमारतींतून येतात. गणपतीच्या आधी मूर्तिकारांना दोन-तीन महिने मांडव घालायला जागा लागते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खाणावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, ते अशाच दहा बाय बाराच्या खोल्यांतून. कोकणातल्या किंवा घाटावरच्या एखाद्या गावाने मिळून ठेवलेली गावकीची खोली, जिथे गावाहून आलेला कुणीही पाय पसरू शके, तिचा मालक म्हणून कुणाचे नाव लावायचे? बाविसाव्या मजल्यावर डबे करणाऱ्या बाईचा सिलिंडर, भाजी आणि डबेवाला लिफ्टने कधी ये-जा करतील, सोसायटी तिला धंद्याची परवानगी देईल का, दरमहा देखभालीचा खर्च तिच्या कमाईत बसेल का? या प्रश्नांची उत्तरे इमारत उभी राहिल्यावर शोधायची म्हटली तर ती बाई दोन-चार वर्षांत घर भाड्याने देऊन बदलापूरला जाते आणि आपण म्हणतो, मराठी माणूस टिकत नाही.

नायगाव आणि डिलाइल रोडच्या बीडीडी चाळींचे काम अजून पुरे व्हायचे आहे, आणि उपकरप्राप्त चाळींचे गिरगावपासून काळाचौकीपर्यंतचे प्रस्ताव तर रांगेत उभे आहेत. प्रत्येक प्रस्तावाबरोबर पात्रतेच्या यादीइतकीच सक्तीची अशी दुसरी पाहणी जोडता येईल : घरात कोण काय काम करते, त्यासाठी कोणती सामाईक जागा वापरते, कुणाला कुठल्या नळावर, जिन्यावर किंवा मंडळात आजवर दुय्यम वागणूक मिळाली. तळमजल्यावर सामाईक स्वयंपाकघर, मूर्तिकारांसाठी राखीव आवार, देखभालीचा वेगळा निधी, हे सारे त्या कागदावरून निघेल आणि आराखडा मंजूर होण्याआधी निघेल. ही पाहणी करायला बाहेरून सल्लागार आणायची गरज नाही. गेडिस यांनी उघडलेला समाजशास्त्र विभाग आज कालिन्याला आहे, सर ज. जी.चे वास्तुकला महाविद्यालय फोर्टात आहे, आणि परळ त्या दोघांच्या मध्ये आहे. दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना एकाच इमारतीत, एकाच वहीसकट पाठवायला दोन्ही संस्थांचा एकेक ठराव आणि म्हाडाचे एक परिपत्रक पुरेल.