मी आलेच

सुट्टीचं घर रविवारी सकाळी रिकामं करून द्यायचं होतं. मी झाडू घेऊन दाराशी आलो आणि तिथे मांडलेले बूट-चपला एकेक उचलून बाहेर झटकू लागलो. मुलांच्या बुटांतून ओंजळ ओंजळ वाळू निघत होती. मोठ्यांच्या बुटांतूनही काही कमी नाही. दोन दिवस समुद्रावर काढलेली पंधरा माणसं होती ती. शेवटी एक तपकिरी चपलांचा जोड हातात आला. झटकला, तर काहीच पडलं नाही. उलटा करून पाहिला. तळ कोरडा आणि स्वच्छ होता.

चपला कुणाच्या, हे मला ठाऊक होतं.

आम्ही नेदरलँड्समधली चार मराठी कुटुंबं. कुणी आम्स्टलफेनला, कुणी आइंडहोवनला, आणि वर्षातून एकदा जूनमधला शनिवार-रविवार एकत्र घालवतो. यंदा उत्तर हॉलंडच्या किनाऱ्यावर, काम्परडाउनला घर घेतलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी गाड्यांच्या डिक्यांतून कुकर उतरला, भाजणीचा डबा उतरला, तूप, मेतकूट, दोन प्रकारची लोणची, पोहे. जूनमध्ये इथे रात्री दहापर्यंत उजेड असतो. सामान ठेवलं न ठेवलं तोच मुलं पाण्याकडे पळाली आणि मुलांच्या मागे आम्ही. त्या चपला जिच्या, ती आमची मैत्रीण ओट्यापाशी उभी होती. म्हणाली, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी आलेच.’’

शनिवारी सकाळी पोह्यांच्या बशा विसळताना तेच म्हणाली. दुपारी थालीपिठांचं पीठ मळताना तेच. सूर्य पाण्याला टेकला तेव्हा आम्ही सगळे किनाऱ्यावर ओळीने उभे होतो, आणि तेव्हाही ती ‘आलेच’ होती. या शब्दाकडे मी आजवर कधी नीट पाहिलं नव्हतं. अजून घडायचं ते घडून गेल्यासारखं आपण सांगतो. ‘येईन’ म्हटलं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, कधी? ‘आलेच’ म्हटल्यावर ऐकणारा निर्धास्त होतो. ती आल्यातच जमा होते. मग तिची वाट कोण पाहणार?

परतल्यावर संध्याकाळी फोनवर टिकी आली. एका डच बँकेने २०१६ मध्ये सुरू केलेलं हे अ‍ॅप आता इथल्या मैत्रीचा भाग झालं आहे. कुणीतरी खर्च करतो आणि बाकीच्यांना त्यांच्या वाट्याची रक्कम कळवतो. आपल्याकडे बिल देण्यावरून भांडणारे आम्ही लोक इथे आल्यावर सुरुवातीला याने दुखावतो, नंतर सरावतो. मला ही पद्धत आता आवडते. तिच्यात कुणी मिंधा राहत नाही. हिशेब चोख होता: घरभाडं, किराणा, पेट्रोल, मुलांची आइस्क्रीमं. सेंटांपर्यंत भागाकार केलेला. मी पैसे पाठवून दिले आणि हातातल्या फोनकडे बघत बसलो. दोन दिवसांत मी घेतलेल्यापैकी सगळ्यात मोठी गोष्ट त्या यादीत नव्हती. ती म्हणजे माझा निवांतपणा.

जिथे आम्ही अंग टाकून पहुडलो होतो, त्या वाळूचीही गोष्ट अशीच आहे; तिच्यामागचे कष्टही दिसत नाहीत. काम्परडाउन आणि पेटन या दोन गावांमध्ये पूर्वी रुंद किनारा नव्हताच. होता तो हॉन्ड्सबॉस्से नावाचा दगड-डांबराचा बांध, साधारण साडेपाच किलोमीटर लांब, आणि त्याच्यावर आदळणारा समुद्र. पुढच्या वादळांना हा बांध पुरा पडणार नाही असं तज्ज्ञांनी ठरवलं. मग समुद्रतळाची वाळू जहाजांनी उपसून बांधासमोर आणून टाकली, सुमारे ३.५ कोटी घनमीटर. २०१५ मध्ये काम संपलं तेव्हा तिथे टेकड्या होत्या, रुंद पुळण होती, आणि मुलांना डुंबायला काम्परडाउनपाशी एक उथळ तळंही. आमची मुलं ज्या तळ्यात दिवसभर खेळली, ते वयाने माझ्या धाकट्या मुलीपेक्षा फार मोठं नाही.

आणि ही वाळू एकदा टाकून भागत नाही. वारा आणि भरती-ओहोटी ती सतत वाहून नेतात. किनारा मागे सरकू द्यायचा नाही, असं या देशाने १९९० मध्ये ठरवलं. तेव्हापासून देशभर जिथे झीज होईल तिथे पुन्हा वाळू आणून घालतात, २००१ पासून वर्षाला सरासरी १.२ कोटी घनमीटरच्या आसपास. टेकड्यांवर हेल्म नावाचं गवत जुडी जुडीने लावतात. त्याच्यावर वाळू साचली की ते मरत नाही, उलट वर उसळतं आणि मुळांनी टेकडी धरून ठेवतं. कोकणात हेच काम करणाऱ्या, जांभळ्या फुलांच्या वेलीला आपण मर्यादवेल म्हणतो. समुद्राला त्याची मर्यादा दाखवणारी वेल! लहानपणी गुहागरला आम्ही ती तुडवतच पाण्याकडे धावायचो. तिचं नाव मला फार उशिरा कळलं.

या देशाला ही जागरूकता फुकट मिळालेली नाही. ३१ जानेवारी १९५३, तीही शनिवारचीच रात्र होती. वायव्येचं वादळ आणि उधाणाची भरती एकत्र आली. मध्यरात्री रेडिओ नेहमीप्रमाणे बंद झाला, सुट्टीमुळे कचेऱ्यांत माणसं नव्हती, आणि धोक्याचा इशारा बहुतेक गावांपर्यंत पोचलाच नाही. झीलंड आणि दक्षिण हॉलंडमधले बांध गावं झोपेत असताना फुटले. नेदरलँड्समध्ये १,८३६ माणसं गेली. त्यानंतर प्रचंड लोखंडी दारं, धरणं, अडसर उभे राहिले, आणि त्यांच्यामागे आज रात्रपाळीला बसणारी माणसंही आहेत. आम्ही शनिवारी रात्री दोनपर्यंत पत्ते खेळलो. त्या वेळी कुठल्यातरी खोलीत कुणीतरी पाण्याच्या पातळीचे आकडे पाहत होतं.

त्या माणसाला पगार मिळतो, पाळी बदलते, रजा मिळते. हा फरक मी विसरू इच्छित नाही. समुद्राशी झुंजणाऱ्या या देशाने एक गोष्ट ओळखली, की सगळ्यांना निजायचं असेल तर जागणाऱ्यांची व्यवस्था लावावी लागते. आमच्या पंधराजणांच्या घरात जागणारी एकच होती आणि तिची पाळी बदलणारं कुणी नव्हतं.

‘तिला आवडतं ते’ असं आम्ही म्हणतो. आवडतंही असेल. पण त्या दोन दिवसांत आम्ही तिला काय काय म्हणालो ते मी आठवून पाहिलं. ‘तुझ्या हाताला चव आहे.’ ‘थालीपीठ खावं तर तुझ्याच हातचं.’ शनिवारी दुपारी मी स्वतः तिसऱ्यांदा चहा मागितला आणि वर म्हणालो, असा चहा इथे कुठे मिळणार! तिचं कौतुक करताना आम्ही तिला तव्यापाशी आणखी घट्ट बांधत होतो. ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणून आपण पानावरून उठतो, आणि अन्नदाता सुखी आहे का हे पाहायला मागे वळत नाही. कौतुकाला काही खर्च येत नाही. म्हणून तर आपण ते इतक्या सढळ हाताने करतो.

सोमवारी मी तिला फोन केला. चपलांचं सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, ‘‘मला यायचं होतं रे. तो सूर्यास्त तर फार पाहायचा होता. पण मी निघाले असते आणि तुम्ही सगळे भुकेले परत आला असतात, तर कुणीतरी म्हणालंच असतं ना, अगं, काहीच केलं नाहीस?’’

नाही, असं मी म्हणू शकलो नाही. ते म्हणणारा मीही असू शकलो असतो. मी तिची माफी मागितली. ती ‘‘जाऊ दे रे’’ म्हणाली. माझ्या वयाच्या माणसाला एवढं तरी कळायला हवं, की ‘जाऊ दे’ म्हणताना माणूस आपल्याला मोकळं करतो, स्वतः मोकळा होतोच असं नाही. तिच्या नवऱ्याशीही त्या आठवड्यात बोललो. ते बोलणं सोपं गेलं नाही. तो आधी चिडला, आणि दोन दिवसांनी त्याचाच फोन आला.

सप्टेंबरमध्ये एका रविवारी पुन्हा काम्परडाउनला जायचं ठरलं, फक्त दिवसभरासाठी. पाव, चीज आणि फळं घ्यायची, एवढंच. सगळे तिच्याच घरी जमलो. निघायची वेळ झाली, मुलं गाडीत बसली, आणि तिने सवयीने ओटा पुसायला घेतला.

‘‘तुम्ही व्हा पुढे,’’ ती म्हणाली.

आम्ही दारात उभे राहिलो. पाच मिनिटं गेली. गाडीतून मुलांनी दोनदा हॉर्न वाजवला. कुणी पुढे गेलं नाही. तिने मान वर करून आमच्याकडे पाहिलं, आणि तिच्या नवऱ्याने आत जाऊन तिच्या हातातलं फडकं घेतलं.