इस्त्रीचे कपडे आणि विमानाचे तिकीट

नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेचे परिवहनमंत्री शॉन डफी यांनी विमानप्रवाशांना सभ्यतेचे आवाहन केले. त्यात कपड्यांचाही विषय होता: स्लिपर आणि पायजमा घालून विमानतळावर येऊ नका, जरा नीटनेटके या. पूर्वीचे प्रवासी कोट-टाय घालून येत, आताचे अंथरुणातून उठून तसेच येतात, ही तक्रार जुनीच आहे. या वेळी ती मंत्र्याच्या तोंडून आली एवढेच. गंमत अशी की एमिरेट्स किंवा क्वांटाससारख्या कंपन्या लांब पल्ल्याच्या प्रवासात पहिल्या वर्गाच्या प्रवाशाला स्वतःच पायजम्याचा जोड देतात. पायजमा विमानात मुळीच चालत नाही असे नव्हे, तर तो कोण घालतो हे पाहिले जाते. नटून प्रवास करणे हा विमानाविषयीचा आदर आहे, किंवा जुन्या पिढीचा संस्कार आहे, असे सहसा मानले जाते. मला ते पटत नाही. हे कपडे विमानासाठी नसतातच. आपल्याला अडवू शकणाऱ्या अनोळखी माणसासाठी ते असतात; आणि अडवले जाण्याची धास्ती ज्याला उरलेली नाही, तो ते सर्वांत आधी सोडून देतो.

सुरुवातीला या प्रश्नाचा प्रतिष्ठेशी काही संबंध नव्हता. पहिल्या महायुद्धानंतर युरोपात प्रवासी विमाने सुरू झाली तेव्हा उघड्या विमानात बसणाऱ्याला कातडी कोट, कानटोपी आणि चष्मा चढवावा लागे, तोही थंडीवाऱ्यापासून बचाव म्हणून. सामानाबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभे करून त्याचे वजन घेत. बंद केबिन आली, आसने मऊ झाली, तेव्हा कुठे विमानात कसे वागायचे हा प्रश्न उभा राहिला, आणि उत्तर आयते मिळाले ते आगबोटींकडून. पी अँड ओच्या बोटीवर पहिल्या वर्गाचा उतारू संध्याकाळी कपडे बदलून जेवायला बसे. तोच माणूस आता विमानात बसू लागला होता, म्हणून तीच रीत वर गेली. आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर ८ जून १९४८ रोजी एअर इंडियाचे ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो आणि जिनिव्हामार्गे लंडनला गेले. प्रवासी ३५, त्यांत राजेरजवाडे आणि बडी मंडळी. ही माणसे विमानात बसायची म्हणून नटली नव्हती. ती एरवीही तशीच वावरत. ज्याला आज आपण विमानप्रवासाचा सुवर्णकाळ म्हणतो, त्यातला बराचसा थाट हा फक्त श्रीमंतांनाच तिकीट परवडत होते याचा परिणाम आहे. शिवाय त्या काळाची जी छायाचित्रे आपल्या डोळ्यांसमोर येतात, त्यांतली कितीतरी कंपन्यांनीच जाहिरातीसाठी काढून घेतलेली आहेत.

पुढे तिकीट उतरत गेले. १९५२ मध्ये अटलांटिकवर टूरिस्ट वर्ग आला, १९५८ मध्ये बोइंग ७०७ प्रवासी घेऊन उडू लागले, १९७० मध्ये अवाढव्य ७४७ आले आणि १९७८ च्या कायद्याने अमेरिकेतल्या भाड्यांवरचे सरकारी नियंत्रण संपवले. साधा माणूस विमानात शिरला आणि थाट गेला, असा निष्कर्ष इथे काढला जातो. क्रम मात्र नेमका उलटा दिसतो. नव्याने आलेला माणूस ठेवणीतलेच कपडे घालून आला. कपड्यांची फिकीर सोडली ती ज्याला विमानाची सवय झाली त्याने: आठवड्याला दोन फेऱ्या मारणाऱ्या नोकरदाराने, सुट्टीवर निघालेल्या सुखवस्तू कुटुंबाने, आणि पुढे टी-शर्ट-जीन्समध्ये खासगी विमानातून उतरणाऱ्या संगणक-उद्योगातल्या धनिकांनी. चुरगळलेला टी-शर्ट घालून काउंटरवर जाता येणे हीसुद्धा एक मिळकत आहे. ती ज्याच्याकडे असते त्याला ती दिसत नाही.

आपल्याकडे हे अधिक उघडपणे दिसते, कारण आपल्याकडचा बदल ताजा आहे. साठ-सत्तरच्या दशकांत मराठी मुलगा उच्च शिक्षणासाठी अमेरिकेला निघाला की वर्तमानपत्रात त्याचा सूट-टायमधला छोटा फोटो छापून येई आणि मुंबईच्या सांताक्रूझ विमानतळावर हार घालायला नातेवाइकांची रांग लागे. तो सूट पलीकडच्या इमिग्रेशन अधिकाऱ्याने आपल्याला ‘विद्यार्थी’ म्हणून ओळखावे यासाठीही शिवलेला असे. नंतर रत्नागिरी-रायगडमधून आखातात निघालेला कामगार त्याच विमानतळावर नवा शर्ट घालून उभा राहिला. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर सरकारी तपासणीची अट असे. तिथे त्याचे कागद इतरांपेक्षा बारकाईने पाहिले जात. २००३ मध्ये स्वस्त तिकिटांची एअर डेक्कन आली, आणि २०१७ मध्ये शिमल्यात ‘उडान’ योजनेतल्या पहिल्या विमानाला निरोप देताना हवाई चप्पल घालणाराही विमानात दिसला पाहिजे, असे पंतप्रधान म्हणाले. २०२४ मध्ये देशांतर्गत विमानांनी १६ कोटींहून अधिक प्रवासी नेले. पण पहिल्यांदा विमानात बसणारा माणूस चप्पल घालून येत नाही. तो लग्नातले बूट बाहेर काढतो, त्याची बायको ठेवणीतली साडी नेसते. चप्पल किंवा क्रॉक्स घालून येतो तो बहुधा पन्नासाव्यांदा बसणारा.

कपड्यांनी खरोखर संरक्षण मिळते का? इथे विमान सोडून थोडे रेल्वेकडे वळावे लागेल, कारण या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर मसूरच्या स्टेशनावर मिळते. १९०१ मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर घरातल्या इतर मुलांबरोबर कोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांना भेटायला निघाले. प्रवासासाठी मुद्दाम इंग्रजी बनावटीचे सदरे, चकचकीत टोप्या, नवे जोडे आणि रेशीमकाठी धोतरे घेतली होती. मुलांचा पोशाख पाहून स्टेशनमास्तरांना ती ब्राह्मणांची वाटली. जात कळली तशी त्यांची मुद्रा पालटली, आणि गाडीवानही न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे देऊन, बैलगाडी स्वतः हाकण्याच्या अटीवर मुलांना निघावे लागले. बाबासाहेबांनी हे सारे ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या लिखाणात नोंदवले आहे. त्याआधी १८९३ मध्ये पीटरमारित्झबर्गला पहिल्या वर्गाचे तिकीट खिशात असलेल्या बॅरिस्टर गांधींना गाडीतून उतरवले गेले, तेव्हाही अंगावर युरोपीय पोशाखच होता. कपडे उपयोगी पडतात ते नाव विचारले जाईपर्यंत. विमानतळावर तर नाव, छायाचित्र आणि पासपोर्ट पहिल्याच टेबलावर मागतात. २००९ च्या ऑगस्टमध्ये न्यूअर्कला शाहरुख खानला चौकशीसाठी थांबवून ठेवले गेले, तेव्हा त्याच्या कपड्यांत काही कमी होते म्हणून नव्हे. तरीही माणसे नटतात, आणि त्यात मूर्खपणा नाही. आपल्या हातात असलेली तेवढी एकच गोष्ट आहे. बाकी सारे पलीकडच्या माणसाच्या हातात.

यावर पहिला आक्षेप सोयीचा. केबिनमधला हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतका असतो, तासन् तास बसून पाय सुजतात, तेव्हा सैल कपडेच शहाणपणाचे. हे बरोबर आहे. सुरक्षेचे जाणकार तर कृत्रिम धाग्याचे कपडे टाळा म्हणतात, कारण आगीत ते वितळून अंगाला चिकटतात. आणि उंच टाचा आपत्कालीन घसरगुंडीवर चालत नाहीत. पण सोय हे पूर्ण उत्तर असते तर एकाच रांगेतल्या, एकाच अंगलटीच्या दोन माणसांनी सारखेच कपडे घातले असते. मुलाकडे अमेरिकेला निघालेल्या कितीतरी आज्या उत्तम साडीखाली स्पोर्ट्स शूज घालतात. पायांची सोय त्यांना कळते. साडी मात्र सोडवत नाही.

दुसरा आक्षेप डफींच्या बाजूचा: चांगले कपडे घातले की माणूस चांगला वागतो. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या एका प्रयोगात डॉक्टरचा कोट घातलेल्यांचे लक्ष अधिक एकाग्र झाल्याचे आढळले आणि त्याचा बराच गाजावाजा झाला. २०१९ मध्ये तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा तो परिणाम दिसला नाही. विमानातल्या भांडणांचे खापर पायजम्यावर फोडण्याआधी आसनांमधले कमी झालेले अंतर, उशिरा सुटणारी विमाने आणि प्रत्येक बॅगेमागे आकारलेले जादा पैसे यांचा हिशेब घ्यायला हवा. तिसरा आक्षेप मला मान्य आहे: काही जण निव्वळ हौसेने नटतात, जत्रेला जाताना नटावे तसे. त्या हौसेला कारण विचारू नये. पण हौसेने नटलेला माणूस काउंटरपाशी कॉलर सारखी करत नाही, कागद तिसऱ्यांदा तपासत नाही.

ज्याला अडवता येते आणि ज्याला येत नाही, ही वाटणी विमान कंपन्यांच्या नियमांतही सापडते. मार्च २०१७ मध्ये डेन्व्हरला युनायटेड एअरलाइन्सने दोन किशोरवयीन मुलींना लेगिंग्ज घातल्या म्हणून विमानात चढू दिले नाही. समाजमाध्यमांवर संताप उसळला, तेव्हा कंपनीने खुलासा केला की त्या मुली कर्मचाऱ्यांच्या सवलतीच्या पासवर प्रवास करत होत्या आणि पोशाखाचा नियम फक्त अशा पासधारकांना आहे. पूर्ण भाडे भरणाऱ्यांनी लेगिंग्ज घालून खुशाल यावे, असेही कंपनीने सांगितले.